फोर्डने येईन

२० ऑक्टोबर १९६३, रविवार. किर्यात गात, इस्रायल

आज संध्याकाळी एक माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची मोटार माझ्याकडे पडलीय. नेता, की काय करू तिचं?"

आमची मोटार! झिराडकरांच्या घराण्यात एके काळी तेलाच्या घाण्याचा बैल होता. त्यानंतर चाकांचं म्हणून जे काही आमच्या नशिबी आलं ते सगळं भाड्याचं. मी म्हटलं, घर चुकलात. तर तो टोपी काढून म्हणाला, "दानियल झिराडकर. उंच. कानात कापसाचा बोळा. नेतिवोतला दर मंगळवारी यायचा." मग मात्र मी त्याला आत घेतलं.

त्याचं नाव मेनाशे. ट्युनिसचा. नेतिवोतला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पप्पा वारले हे त्याला आत्ता कळलं. इतके महिने वाट पाहिली, म्हातारा रुसला असेल असं समजला. पाणी पिऊन खाली मान घालून बसून राहिला बिचारा.

आता गंमत अशी, की पप्पा दर मंगळवारी नेतिवोतला जायचे ते तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर स्तोत्रं म्हणायला, असं आम्हाला सांगून. आई त्यांना डबा द्यायची. चपात्या, बटाट्याची भाजी, आणि देवाच्या कामाला चाललाय म्हणून वर एक गोडाचा घास. मेनाशे गेल्यावर आई कपाळाला हात लावून म्हणाली, "चार वर्षं मी प्रार्थनेला डबा भरला, आणि हा बाबा मोटारीखाली आडवा पडायचा!"

मी हसले. ती नाही हसली.

हे सगळं लिहून ठेवायचं मनात आलं म्हणून ही वही काढली. दुसरं बोलणार तरी कोणाशी? दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते, घरी आले की आई. आणि आईशी काहीही बोलायला घेतलं की ती पाच मिनिटांत ठाण्याला पोचते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अर्धा दिवस सुट्टी होती. बसने नेतिवोतला जाऊन आले. आई म्हणाली, "मला नाही बघायची ती सवत."

सवत चांगली उंच आहे. फोर्ड, सतरा सालच्या सुमाराची. पत्र्याची शेड, त्यात चार ट्रॅक्टर, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली ही. बारीक चाकं, लाकडी आऱ्या, पुढे दोन डोळे वटारलेले दिवे. मागची पेटी संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्यांची, पण काय सफाई! एकेक फळी घासून, कडा मारून बसवलेली. हे पप्पांचंच काम. त्यांनी मुंबईत बस डेपोत फिटर म्हणून आयुष्य काढलं, पण घरातला नळ गळायला लागला की आईला प्लंबर बोलवावा लागे.

मेनाशे सांगत होता, की गाडी अशी नव्हतीच. एका संत्र्याच्या बागेत नुसतं इंजिन होतं, विहिरीचं पाणी उपसायला जोडलेलं. सांगाडा दुसऱ्याच कुठल्या ओढ्यात सापडला. चाकं कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याखाली. पप्पांनी ते सगळं वर्षानुवर्षं हुडकून एकत्र केलं.

"पण कशाला?" मी विचारलं.

"मी पण विचारलं. म्हणाला, दुसरी चालणार नाही, फोर्डच पाहिजे."

शेजारी त्याची स्वतःची चांगली जीप उभी होती. "कुठे जायचंय सांग, मी जीपने नेतो," असं त्याने पप्पांना किती वेळा म्हटलं म्हणे. पप्पा म्हणायचे, जीप उपयोगाची नाही. हिब्रूत 'तुम्ही' नसतं, सगळे एकमेकांना 'तू'. ऐकायची सवय झालीय, पण परक्या पुरुषाचं बोलणं लिहिताना माझा हात अडतो. मी आपलं तुम्हीच लिहीन.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायच्या आधी आईशी भांडण झालं. म्हणजे मी भांडले, ती कणीक मळत राहिली.

मार्चमध्ये पप्पांना जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या प्रार्थनेचा मलिदा झाला की ती ठाण्याला जाणार, अहरोनदादाकडे, कायमची. हे तिने केव्हाच ठरवलंय. दादा तिकडेच राहिला, त्याचं घर आहे, सून गरीब आहे, शेजारी अजून विचारतात, आणि मुख्य म्हणजे तिथे रस्त्यात कोणीही भेटलं तरी तिला त्याची भाषा येते. इथे नऊ वर्षांत ती हिब्रूत 'किती?' आणि 'नको' एवढंच शिकली.

"मी इथे एकटी काय करू?" मी म्हटलं.

"तू पण चल."

मी छत्तीस वर्षांची, इथल्या दवाखान्यात माझी नोकरी, माझी खोली, माझं नाव. तिथे जाऊन दादाच्या पोरांची नाकं पुसू की काय?

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "रूबे, मला एक कळू दे. चोपन्न साली हा रिटायर झाला, आणि महिन्याभरात म्हणाला, चला इस्रायलला. मी भरल्या घरातून उठून आले. नऊ वर्षं विचारलं, का आणलंस? तर म्हणे, हवा चांगली आहे. हवा!" तिने खिडकीकडे हात केला. बाहेर नेहमीसारखी धूळ उडत होती. "ज्याने आणलं तो गेला. आता का आणलं हे जर मला कोणी सांगितलं आणि पटलं, तर राहीन. नाहीतर मी चालले."

मी म्हटलं, "ठरलं?"

"ठरलं."

आई शब्दाची पक्की आहे. आणि चौकशा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मेनाशेला फैलावर घेतलं. पप्पा काय बोलायचे, कुठे जाणार होते, आठव, नीट आठव. तो डोकं खाजवत म्हणाला, "विहिरीवर."

"कुठल्या विहिरीवर?"

"आहे एक. टेकडीपलीकडे. शेतातून वाट जाते. तिथे तो एकटा जाऊन बसायचा. मला एकदा घेऊन गेला."

"तिथे काय आहे?"

"विहीर आहे." मग हात पुसत म्हणाला, "त्याच्या पुढचं मला विचारू नका. तुमचे वडील पण विचारायचे थांबले होते."

आता याला काय म्हणावं! माणूस चांगला आहे, पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे सांडशी लागते.

फोर्ड कशी चालवायची ते मात्र त्याने तासभर दाखवलं, मी विचारलंही नव्हतं. पायाशी तीन पेडल, आणि एकही शहाण्या मोटारीसारखं नाही. डावं दाबलं की सावकाश, सोडलं की जोरात, मधलं दाबलं की मागे. पेट्रोल पायाने नाही, हाताने, चक्राखालच्या दांडीने. मी ट्रॅक्टरच्या बाजूला बसून उगाच सगळं शिकले. पप्पांनीही असंच बसून याला शिकवलं असणार. मला कधी काही शिकवलं नाही. याचा मला राग येतोय हे आज घरी येताना बसमध्ये कळलं.

३ डिसेंबर

दवाखान्यात गोवर. लिहायला वेळ नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

यरुशलेमला नॅथनकाकांकडे जाऊन आले. हे पप्पांचे पलटणीतले सोबती, आता डोळ्यांनी अधू. सून हिब्रूत बोलते, ते मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं छान चाललंय. हनुक्काच्या सणाचे दिवे लागले होते, करंज्या होत्या. मी विचारलं, "काका, बसऱ्यात पप्पांचं असं काय झालं होतं?" पप्पा पहिल्या महायुद्धाचं म्हणून एवढंच सांगायचे, बसरा, आणि तिथले डास.

काका म्हणाले, "बसऱ्याचं काय घेऊन बसलीस? अठरा साली आमची पलटण बोटीत घालून इकडेच आणली. याच देशात. तुला दान्याने सांगितलं नाही?"

मी करंजी खाली ठेवली.

नऊ वर्षं आम्ही या देशात राहिलो, आणि पप्पांनी एकदा म्हटलं नाही, की मी इथे येऊन गेलोय!

काकांनी सांगितलं ते असं. पप्पा फोर्डचे ड्रायव्हर होते, रसद पोचवायचे. एकदा भर उन्हाळ्यात रांगेत सगळ्यात शेवटची गाडी यांची. अंगात हिवतापाचा ताप. गाडी उकळली, पप्पा चक्रावरच आडवे झाले, आणि पुढच्यांना पत्ता नाही. टेकडीखाली एक विहीर होती आणि विहिरीच्या मालकाचं घर. अरब शेतकरी. त्या लोकांनी त्यांना उचलून ओसरीवर निजवलं. "त्या वर्षी विहिरीला पाणी बेताचंच," काका म्हणाले, "तरी माणसाला आणि मोटारीला, दोघांना पाजलं. बाई उशाशी बसून वारा घालायची. कोंबडी कापली, तर आपल्या रीतीची नाही म्हणून दान्या खाईना. त्यांनी कारण विचारलं नाही. अंडी उकडून दिली."

पलटणीने शोध घेतला तेव्हा काकाच आणायला गेले. निघताना पप्पा विहिरीजवळ उभे राहिले आणि मोठ्याने मराठीत प्रेषिताला नवस बोलले. एलियाहू हन्नाबी, घरी सुखरूप पोचलो तर याच फोर्डने परत येईन आणि या घरातल्या एकेकाच्या हातावर मलिदा ठेवीन.

"मी म्हटलं, गाढवा," काका सांगत होते, "नवसात मोटार कशाला घातलीस? सरकारची मोटार आहे ती! नुसतं येईन म्हणायचं. पण बोलून गेला ना. तोंडातून गेलं ते गेलं."

"मग घरी कधी बोलले का नाहीत?"

"राहिलेला नवस बायकोला सांगतात का? ती रोज जीव मुठीत धरून बसली असती. पोरांना साधा खोकला झाला तरी हाच डोळ्यांपुढे."

येताना बसमध्ये मला हसू यायचं आणि मध्येच रडू. शेजारची बाई जागा बदलून बसली. मी लहान असताना पप्पांनी मला अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर नेलं होतं. हन्नाबीचा रथ तिथून आकाशात गेला, चाकाची खूण आहे, असं आपली कोकणातली ज्यू माणसं मानतात. इतर लोक नमस्कार करून निघाले, आणि पप्पा मात्र उकिडवे बसून त्या खुणेची रुंदी वितीने मोजत होते. आई ओरडली, तेव्हा उठले.

१८ डिसेंबर, बुधवार

आईला सांगितलं. वाटलं होतं पाझरेल.

"एका नवसासाठी माझं घर मोडलं?"

पातेलं आपटलं. मग दुसरं आपटलं. "मला सांगितलं असतं तर मी आलेच असते! मीच म्हटलं असतं, चल आधी फेडून टाकू. त्याच्यासाठी घरदार विकायला कशाला पाहिजे होतं? आणि मोटार! हन्नाबी स्वतः आगीच्या रथाने गेला, त्याला या खटाऱ्याचं काय अप्रूप?"

मी म्हटलं, "शिवाय ही काही तीच फोर्ड नाही. दुसरीच आहे."

"ते एक राहू दे. फोर्ड ती फोर्ड. हन्नाबी काय नंबरप्लेट बघतो?" म्हणजे मनातून तिने फोर्ड मान्य केली होती.

मग पदर खोचून म्हणाली, "ठीक आहे. त्याचा नवस म्हणजे माझाच. वर्षाचा मलिदा त्या विहिरीवर करू, त्याच मोटारीने जाऊ, त्या माणसांच्या हातावर ठेवू. म्हणजे तोही सुटला आणि मीही मोकळी. मग मी ठाण्याला जायला रिकामी."

घ्या! मी राबून राबून कारण शोधून काढलं, आणि त्या कारणानेच तिच्या हातात तिकीट दिलं. ठरलं होतं की पटलं तर राहीन. मी विचारलं, "म्हणजे पटलं नाही?" म्हणाली, "पटलं म्हणून तर फेडते आहे."

९ जानेवारी १९६४

पाऊस. चिखल. गाडी निघणं शक्य नाही. देव पावला.

१४ जानेवारी, मंगळवार

आज मी जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, पण वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला?

मी मेनाशेला म्हटलं, गाडी एवढ्यात पुरी नको करू. मार्च टळू दे. काहीतरी सापडत नाही म्हणून सांग, एखादा नट, एखादी वायर. आई ठाण्याला जाईल ती कधीच परत येणार नाही, आणि मग माझं या देशात रात्री जेवलीस का म्हणून विचारणारं कोणी राहणार नाही.

मला वाटलं तो उपदेश करेल. तर लगेच म्हणाला, "मला पण घाई नाही." इतकं पटकन म्हणाला, की मलाच लाज वाटली. मग त्याने दोन कप चहा केला, पुदिना घालून. आज त्याने हात रॉकेलने धुतले होते आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुठे लग्नाबिग्नाला जायचं असेल. बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी माणूस नीटनेटका आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं! मी नेतिवोतला पोचले, तर शेडमध्ये खुर्चीवर आई बसलेली! एकटी बस पकडून आली. 'किती?' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर!

मेनाशे घाम पुसत उभा. आई म्हणाली, "याला विचार, काय राहिलंय?"

मी विचारलं. तो म्हणाला, एक वायर मिळत नाही.

आईने खुणेने त्याला हँडल फिरवायला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छपराकडे पाहिलं. त्याने हँडल मारलं. फोर्ड खोकली, थरथरली आणि छान टकाटक सुरू झाली! नको तेव्हा अंगात येते.

आई उठली, मडगार्डवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता माझी शोभा होणार. पण तिने मेनाशेकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि मला म्हणाली, "वायरीचं मला कळलं, रूबे. तुझं आणि त्याचं, दोघांचंही." बसमध्ये मी दोनदा विचारलं, त्याचं म्हणजे काय? ती खिडकीबाहेर बघत राहिली.

२७ फेब्रुवारी, पुरीमचा सण

तिकीट आलं. अहरोनदादाने पाठवलं. एप्रिलच्या विमानाचं. आईने ते शब्बाथच्या दिव्याखाली ठेवलंय. मी त्या टेबलावरची धूळ पुसत नाही.

१० मार्च, मंगळवार

उद्या जायचं. रस्ता सुकलाय.

दादाने पोहे पाठवले ते निवडले. नारळ सगळ्या किर्यात गातमध्ये मिळेना. शेवटी दवाखान्यातल्या एका बाईच्या कोचीनवाल्या शेजाऱ्यांकडून मिळाला. खजूर, सफरचंदं, केळी, संत्री, वेलची, गूळ. गूळ आईने सणासाठी म्हणून जपून ठेवला होता. सब्जाची पानं पण मिळाली.

मी म्हटलं, "मिन्यानचं काय? प्रार्थनेला दहा पुरुष कुठून आणायचे?"

"नवस बोलताना दहा होते का?"

मग ती विचारत बसली, त्या घरात आता कोण असेल. म्हातारा तर गेलाच असणार. बाई? तिची मुलं असतील, मुलांना मुलं असतील. पंचवीस तरी माणसं धर, म्हणाली, आणि आणखी पोहे भिजवायला काढले. तिने त्या न पाहिलेल्या बाईसाठी एक लुगडं पण बांधून घेतलंय. कोरं, हिरवं, तिचं स्वतःचं ठेवणीतलं. "माझ्या नवऱ्याला वारा घातला तिने," म्हणाली.

मेनाशेला मी दोनदा विचारलं होतं, तिथे घर आहे ना? तो म्हणाला, उद्या बघाल. मला आज झोप कशी लागेल देव जाणे. उद्याचा दिवस नीट पार पडला की आई गेली.

११ मार्च, बुधवार

आता घरी येऊन हात धुऊन बसले आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळी दहाला निघालो. मेनाशे चालवायला, शेजारी आई, मागे संत्र्यांच्या फळ्यांच्या पेटीत मी आणि पातेली. शेतांच्या मधून कच्ची वाट. दोन्हीकडे गहू आणि लाल फुलं. आईने एका हाताने डोक्यावरचा पदर धरला होता, दुसऱ्या हाताने दार. पहिल्यांदा घाबरली, मग सरळ बसली. मला मागून तिची पाठ दिसत होती. नऊ वर्षांत तिला एवढं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

टेकडीच्या चढाला गाडी थांबली. मेनाशे उतरला आणि म्हणाला, आता उलटं जायचं. हिची टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. चढावर तोंड वर केलं की ते इंजिनापर्यंत पोचत नाही. म्हणून फोर्ड चढ चढते ती पाठमोरी. आईला सांगितलं तर म्हणाली, "पप्पांसारखीच आहे. जायचं एकीकडे, तोंड भलतीकडे." आणि आम्ही खरंच पाठमोरे टेकडी चढलो. आई खिदळत होती. पासष्टीची बाई, मुलीसारखी!

वर पोचून मान वळवली. आणि खाली विहीर.

विहीर आहे. कठडा एका बाजूने ढासळलेला. निवडुंगाचं जाडजूड कुंपण, पण आत कुंपण घालावं असं काही नाही. एक अंजिराचं झाड, नव्या पालवीचं. दगडांच्या ओळी, गुडघ्याएवढ्या, त्यांत गवत. एके ठिकाणी पायरी होती, दोन पायऱ्या, आणि त्यांच्या वर काहीच नाही.

आई म्हणाली, "घर कुठेय?"

मेनाशेने गाडी विहिरीपाशी नेऊन उभी केली.

विहिरीवर एक म्हातारा बेदुइन अरब बकऱ्यांना पाणी पाजत होता. मेनाशेला ट्युनिसची अरबी येते. त्याने जाऊन विचारलं. दोघे बोलत होते तोवर आईने चादर पसरली, पातेली उतरवली, ताटं मांडली. मला म्हणाली, "बाजारबिजारला गेली असतील. तोवर आपण सुरू करू." तिने डोकं झाकून हन्नाबीचं गाणं सुरू केलं. आवाज चिरका, पण एकही ओळ चुकली नाही. मी साथ दिली. तेव्हा मला पप्पांची इतकी आठवण आली, की मी मध्येच गप्प झाले, आणि ती एकटी म्हणत राहिली.

मेनाशे परत आला. म्हणाला, अठ्ठेचाळीसच्या लढाईत इथून निघून गेले ते लोक. सगळं घर. गाझाला आहेत म्हणतो हा.

मी आईला मराठीत सांगितलं.

"गाझा कुठे आलं?"

मेनाशेने हात करून दाखवलं. पश्चिमेला, शेतांच्या पलीकडे, धुरकट पट्टा.

"किती लांब?" हे तिने हिब्रूत विचारलं. किती, तिला येतं.

पंधरा किलोमीटर. असेल-नसेल.

आईने हिशेब केला. "म्हणजे अलिबाग ते रेवदंडा." आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "एवढंच? मला वाटलं कुठे परदेशी गेले. एवढं तर चालत येईल माणूस. मग येत का नाहीत?"

मी म्हटलं, "आई, मध्ये हद्द आहे."

"हद्द आहे म्हणजे? घर त्यांचंच ना? विहीर त्यांचीच ना?"

मी मेनाशेकडे पाहिलं. तो बोनेट उघडून आत बघत होता. इंजिन बंद होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. पप्पा विचारायचे थांबले होते ते हेच असेल, असं माझ्या मनात आलं. माहीत असूनही ते गाडी करत राहिले, याचं मात्र मला अजून नवल वाटतं. इथे कोणी नाही हे कळल्यावर मी तर ताडपत्री टाकून दिली असती.

आईने त्या म्हाताऱ्याच्या हातावर मलिदा ठेवला. त्याने विचारलं हे काय, मेनाशेने काहीतरी सांगितलं, त्याने आवडीने खाल्लं. मेनाशेला दिला, मला दिला. मग मेनाशेला म्हणाली, आणि मी भाषांतर केलं, "या आजोबांना सांग, तुम्ही पाहुणे. घरच्यांचा वेगळा राहिलाय."

घरच्यांचा म्हणून काढलेला मलिदा तिने झाकून परत बांधला. लुगडंही बांधलं. एक केळंसुद्धा तिथे ठेवलं नाही. मी म्हटलं, "आई, विहिरीपाशी ठेवून दे ना थोडं, नवस फिटेल." तिने माझ्याकडे असं पाहिलं! "विहिरीला देईन म्हणाला होता का तो? त्यांच्या हातावर, म्हणाला होता."

उतारावर सरळ तोंडाने आलो. मध्येच मेनाशे आईशी हिब्रूत काहीतरी बोलला, तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हसून मान डोलवत होती. मला म्हणाली, "चांगला मुलगा आहे, याला जेवायला बोलावत जा."

घरी आल्यावर तिने दिव्याखालचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "अहरोनला लिही, पैसे परत मिळतात का बघ म्हणावं. आणि दरवर्षी पुरीमच्या आधी पोहे पाठव."

माझा विश्वास बसेना. "तू राहणार?"

"मग? ते आले आणि इथे कोणीच नसलं तर? त्याच्या मागे आता मीच आहे." मग पातेली घासायला बसली.

मी तिच्या गळ्यात पडले, ओल्या हातांसकट. मी खूश आहे. इतकी खूश की पुन्हा पुन्हा उठून स्वयंपाकघरात डोकावते, ती आहे ना. एकच गोष्ट मनातून जात नाही. ती माणसं आज घरी असती, तर आई एप्रिलमध्ये गेली असती. ती घरी नाहीत म्हणून मला माझी आई मिळाली. हे लिहिलं आणि कसंतरीच झालं. खोडणार होते, पण राहू दे.

मेनाशे म्हणतो, पुढच्या वर्षापर्यंत गाडी टिकेल, फक्त तू मंगळवारी येत जा.

आई आत्ता विचारत होती, हद्द असते ती साधारण किती वर्षं असते. मी म्हटलं, मला नाही माहीत.